ससून एक, बॅरोनेटपदे दोन

एका वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत ‘सर डेव्हिड ससून, बॅरोनेट’ असा उल्लेख वाचला आणि पस्तीस वर्षे महसूल खात्यात वारसनोंदी तपासलेला माझा हात सवयीने लाल शाईकडे गेला. संपादकांना पत्र लिहिले. ‘आडनाव तर एकच ना?’ असे उत्तर आले. माझे भांडण या उत्तराशी आहे.

आडनाव साऱ्या कुळाचे असते. वंशपरंपरागत किताब मात्र सनदेत नमूद केलेल्या शाखेपुरताच असतो. बॅरोनेटपद हे उमरावपद नव्हे. त्याने लॉर्ड्‌सच्या सभागृहात जागा मिळत नाही. नावाआधी ‘सर’ लागते आणि ते पुढे वारसाकडे जाते, एवढेच. पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये ही पदे काढली ती तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे १,०९५ पौंड, भरणाऱ्यांसाठी. (आपल्या जुन्या घरांना येथे नजराण्याची आठवण व्हावी.)

आता ससून घराणे पाहा. बगदादहून मुंबईस आलेले डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले, ते कोणत्याही ‘सर’विना. पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले ते या बिनकिताबी माणसाच्या देणगीतून. त्यांचे पुत्र अब्दुल्ला ऊर्फ आल्बर्ट यांनी मुंबईचा ससून डॉक १८७५ मध्ये बांधला. त्यांना बॅरोनेटपद मिळाले १८९० मध्ये. ते पुत्र एडवर्ड व नातू फिलिप यांच्याकडे गेले. फिलिप अविवाहित होते. १९३९ मध्ये त्यांच्याबरोबर ते पद संपले.

डेव्हिड यांचे दुसरे पुत्र एलियास यांनी १८६७ मध्ये वेगळी पेढी काढली. त्यांचे पुत्र जेकब यांना १९०९ मध्ये स्वतंत्र बॅरोनेटपद मिळाले. जेकब निपुत्रिक, पण सनदेतच बंधूंच्या शाखेची तरतूद होती, म्हणून १९१६ मध्ये बंधू एडवर्ड आणि १९२४ मध्ये पुतणे व्हिक्टर बॅरोनेट झाले. दोन्ही परंपरांतील दुसरे बॅरोनेट ‘सर एडवर्ड ससून’च! भल्याभल्यांचा येथे घोटाळा होतो.

परंतु खरी कसोटी १९३९ सालची. फिलिप वारले तेव्हा त्याच आडनावाचे, त्याच पणजोबांचे पणतू व्हिक्टर हयात होते. तरीही फिलिप यांचे पद त्यांना मिळाले नाही, कारण ते आल्बर्ट यांचे वंशज नव्हते. ‘आडनाव एकच’ हे इंग्रज दप्तराने मानले असते तर ते पद बुडालेच नसते. व्हिक्टर यांचे स्वतःचे पद १९६१ मध्ये त्यांच्याबरोबर संपले.

याउलट जमशेटजी जीजीभाईंचे. त्यांचे १८५७ सालचे बॅरोनेटपद ज्याच्याकडे जाईल त्याने जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यावे, असे १८६० च्या कायद्याने ठरले. तेथे किताबामागून नाव चालते.

यात काय बिघडले, असे विचारणारे भेटतातच. बिघडते असे, की देणगी एकाची आणि मान दुसऱ्याचा होतो. शिवाय अफूच्या व्यापारातून आलेल्या या संपत्तीचा हिशेबही ‘सर’ या अक्षरांखाली झाकला जातो. वाचकहो, आपल्या कुलवृत्तांतांत तरी दुसरे काय चालते? एका शाखेला मिळालेली इनामाची सनद छपाईच्या वेळी सबंध आडनावाच्या पदरात बांधली जाते, आणि आक्षेप घेणारा घरभेदी ठरतो.

स्मरणिकेच्या शुद्धिपत्राचा मसुदा परवा माझ्याकडे आला. त्यात ‘सर’ गाळले आहे; ‘बॅरोनेट’ तसेच आहे.