रुग्णाआधी ईसीजी बांबोळीला पोहोचू दे

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यात माणूस गंभीर झाला की घरच्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं बांबोळीचं. तिथलं गोवा मेडिकल कॉलेज परराज्यात आहे, हे आठवतं ते खिडकीवर केसपेपर काढताना. १ जानेवारी २०१८पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून तोडगा काढण्याचे प्रयत्न झाले. त्या वादात सगळी चर्चा पैशांभोवतीच फिरली. पण रुग्ण सीमा ओलांडतोच आहे. त्याची माहितीही त्याच्यासोबत, किंबहुना त्याच्या आधी पोहोचावी, हे काम पैशांच्या तिढ्यापेक्षा सोपं असूनही मागे पडलं.

हृदयविकाराचंच घ्या. गोव्याच्या ‘स्टेमी’ प्रकल्पात गावाजवळच्या केंद्रात ईसीजी काढून ऑनलाइन पाठवतात, तज्ज्ञ तो वाचतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला बांबोळीला हलवतात. ही साखळी सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर थांबायचं वैद्यकीय कारण एकही नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की झालं, असं कुणी म्हणेल. ईसीजीच्या कागदावर १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर, आणि झटक्याचं निदान अनेकदा एकदोन मिलिमीटरच्या उंचवट्यावर ठरतं. घाईत तिरका काढलेला फोटो तिथेच दगा देतो. म्हणून यंत्रातून थेट निघणारी, दोन्हीकडे सारखीच वाचली जाणारी डिजिटल नोंद हवी. बाकी पाया तयार आहे. १४ अंकी ‘आभा’ आरोग्य क्रमांक देशभर चालतो. एस्टोनिया आणि फिनलंड हे तर दोन स्वतंत्र देश. तरी फिनलंडच्या डॉक्टरने लिहिलेलं डिजिटल प्रिस्क्रिप्शन एस्टोनियातल्या औषध दुकानात जानेवारी २०१९पासून चालतं.

खासगीपणाचा आक्षेप रास्त आहे. पण जिवावरच्या प्रसंगी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा २०२३च्या विदा संरक्षण कायद्यातच आहे, आणि कुणी नोंद पाहिली याचा माग ठेवणारी यंत्रणा मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोपेक्षा केव्हाही बरी. नोंदी अशा गोव्याला जाऊ लागल्या की महाराष्ट्र आपली जबाबदारी झटकेल, ही भीती मला उलटी वाटते. सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिथे नेमकी कुठली सेवा कमी पडते हे रेफर झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीतून मोजता येईल. आज त्यावर नुसती भाषणं होतात.

सर्वांत वजनदार आक्षेप गोव्याचा आहे: खाटा आमच्या, कर आमचा, गर्दी तुमची. ईसीजी पाठवल्याने खाट वाढत नाही, हे मान्यच करायला हवं. पण रुग्ण आजही येतोच, बहुधा उशिरा आणि म्हणून जास्त दिवसांसाठी. आधी नोंद दिसली तर काहींना सिंधुदुर्गातच थांबवता येईल. जे येतील त्यांच्या उपचारांचे पैसे महाराष्ट्राने त्याच नोंदीवरून, महिन्याच्या महिन्याला गोव्याकडे वळते करावेत, आणि दोन राज्यांनी तसा करार करतानाच हे कलम सगळ्यात वर घालावं.