प्रतिकृती झाली, पण संगणक सुरू होईना

वहीपूजनाच्या आदल्या रात्री पेढीवरील संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्कची प्रतिकृती नव्या एसएसडीवर घेतली, आणि सकाळी पडद्यावर केवळ काळोख! वर्षभराची जमा-उधारी आत अडकलेली. अशा वेळी घाबरून नवी डिस्क पुसू नये. माहिती बहुधा शाबूत असते. हरवलेली असते ती आरंभाची वाट.

प्रथम संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी. दोहोंची ओळखखूण एकच असल्यास विंडोजचा गोंधळ होतो. मग बायोसमधील आरंभक्रमात नव्या डिस्कला पहिले स्थान द्यावे. तरीही अडल्यास डिस्कची रचना पाहावी : एमबीआर असेल तर सामान्यतः लेगसी मोड लागतो, जीपीटी असेल तर यूईएफआय. जीपीटीमध्ये छोटा ईएफआय विभागही प्रतिकृतीत यावा लागतो. केवळ ‘सी’ विभाग उतरवून भागत नाही. शेवटी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे.

जुनी डिस्क मात्र महिनाभर तशीच कपाटात जपावी. नव्या वहीचा मेळ बसण्यापूर्वी जुनी वही रद्दीत कोण देतो?