पूलला सुट्टी नसते

परीक्षा संपली की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘कुठे जायचं?’ आणि लगेच दुसरा, ‘पूल आहे ना?’ लोणावळा, कर्जत, अलिबाग... व्हिला ठरवताना रूम्स किती यापेक्षा पूल केवढा, हे आधी बघितलं जातं. त्यात वावगं काही नाही. मे महिन्यात पाण्यात डुंबण्यासारखं सुख नाही! पण यातले बरेचसे पूल मुळात कुणाच्या तरी घराचे, सेकंड होमचे असतात. मालक पुण्या-मुंबईत, नाहीतर सुट्टीत थेट हिमाचलला. मग मागे त्या पाण्याचं काय होतं?

‘काय होणार? पूल बंद.’ माझं म्हणणं आहे की, पूल बंद ठेवता येतो हाच मोठा गैरसमज आहे. घराला कुलूप लागतं, पाण्याला लागत नाही. आणि त्या पाण्याची किंमत फक्त मालक मोजत नाही, शेजारीही मोजतात.

थोडी केमिस्ट्री बघू. पाणी स्वच्छ राहतं ते क्लोरीनमुळे. पण कडक उन्हातली अतिनील किरणं क्लोरीनचं विघटन करतात. पाण्यात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड नसेल, तर बराचसा क्लोरीन काही तासांतच उडून जातो. कोमट पाणी, भरपूर ऊन आणि क्लोरीन नाही, म्हणजे शेवाळाची चंगळच. चार-सहा दिवसांत निळा पूल हिरवा होतो. त्यात पंपही बंद असेल, तर साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे मालक पंधरा दिवसांनी परत येईपर्यंत एक अख्खी पिढी कंपाउंडची भिंत ओलांडून गेलेली असते. मालक मनालीत आणि ताप शेजारच्या पाड्यावर!

आता गणित. आठ बाय चार मीटरचा छोटासा पूल धरा. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेलं, तरी ते होतं जवळपास १९२ लिटर. ‘जलजीवन मिशन’मध्ये खेड्यातल्या एका माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. म्हणजे कुणीही न पोहणारा पूल रोज साडेतीन माणसांचं पाणी नुसतं हवेत सोडतो. पंधरा दिवसांत पातळी नऊ सेंटिमीटर उतरते. ती स्किमरच्या तोंडाखाली गेली की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि जळू शकतो.

‘मग रिकामाच करून जाऊ की!’ हा उपाय तर त्याहून महाग. याच पूलची सरासरी खोली १.४ मीटर धरली, तर त्यात साधारण ४५ हजार लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. तेही ऐन टंचाईत परत मागवायचे? शिवाय रिकामा पूल उन्हात तापून टाइल्सचे सांधे उकलण्याची भीती असतेच.

मग करायचं काय? उपाय साधे आहेत. जाण्याआधी पूल घासून घ्यायचा, फिल्टर साफ करायचा, पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये आणि क्लोरीन नीट करून घ्यायचा. पाणी काठोकाठ नाही, पण स्किमरच्या वरच्या भागापर्यंत ठेवायचं. वर ऊन अडवणारं कव्हर टाकायचं. त्यानं बाष्पीभवन खूप कमी होतं, क्लोरीन टिकतो आणि शेवाळाला ऊनही मिळत नाही. पंपाला टायमर लावून तो रोज काही तास चालवायचा. पण वीज गेली की साधा टायमर मागे पडतो आणि वळवाची एखादी सर आली की कव्हरवरच डबकं साचतं. तरंगतं कव्हर म्हणजे जमीन नव्हे, त्यामुळे लहान मुलं आत शिरू नयेत म्हणून गेटला कुलूप हवंच.

थोडक्यात, तिथे माणूस लागतोच. आणि खरी गोम इथेच आहे. बंगल्यावरच्या काकांना किल्ली देऊन ‘बघा हां जरा’ म्हणत गाडी सुटते. पावडर किती टाकायची, हे काकांना कुणी सांगितलेलं नसतं. टीसीएल पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे तर नाहीच नाही. बादल्या वेगळ्या, हातमोजे, गॉगल, एक टेस्ट किट, मराठीत लिहिलेला कागद आणि या कामाचे वेगळे पैसे, एवढं देता येत नसेल, तर पूल परवडतो असं म्हणूच नये.

बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पाण्याची इतकी ओढाताण झाली की, पिण्याचं पाणी पूलसाठी वापरायलाच बंदी आली, पाच हजार रुपये दंडासकट. आपल्याकडे तशी वेळ यायची वाट कशाला बघायची?

‘आमच्याकडे कुठला पूल?’ म्हणून पान उलटू नका. व्हिला बुक करणारे आपणच आहोत. पुढच्या वेळी चेक-इन टाइम विचारताना आणखी दोन प्रश्न विचारा: पूलला कव्हर आहे का? आणि कुणी नसताना पाणी कोण बघतं? दहा ग्रुप्सनी हेच विचारलं, तर मालक उत्तर शोधतीलच. आणि तुमच्या काकांचं किंवा मावशीचं फार्महाऊस असेल, तर यंदा टेस्ट किट घेऊन कव्हर ओढायचं काम तुम्हीच अंगावर घ्या. फुकट पोहायला मिळतं ना? मग एवढं तर बनतंच!