डॉक्टरांचे शिकणे आणि आपला आजार



दवाखान्यात आपली पाळी येईपर्यंत भिंतीवरची डॉक्टरांची पदवी पाहत आपण बसतो. त्या कागदावर एक साल असते. कधी वीस, कधी तीस वर्षांपूर्वीचे. त्यानंतर कितीतरी नवी औषधे आली, काही जुनी बाद झाली. मग डॉक्टर नवे शिकतात केव्हा? आणि त्या शिकण्याचा आपल्या घरच्या आजारी माणसाला खरेच फायदा होतो का?

नियम आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी दर ५ वर्षांत किमान ३० तासांचे प्रशिक्षण घ्यावे, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत सांगितले आहे. आम्हा शिक्षकांसाठी २०२० च्या शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तासांची अपेक्षा आहे. पण प्रशिक्षणाला गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट ठाऊक असते. हजेरीपटावर सही करून मागच्या बाकावर बसले तरी तास भरतात. तास भरणे वेगळे आणि वर्गातल्या मुलाला त्याचा उपयोग होणे वेगळे. डॉक्टरांचेही तसेच.

जगभरच्या अभ्यासांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २००९ मध्ये अशा ८१ चाचण्या एकत्र तपासल्या. प्रशिक्षणानंतर डॉक्टर व इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कामात सुधारणा दिसली, पण ती साधारण ६ टक्क्यांची. रुग्णांच्या तब्येतीतला फरक त्याहून कमी, सुमारे ३ टक्के. जिथे व्याख्यानाला चर्चा आणि सरावाची जोड होती, तिथे परिणाम जास्त चांगला होता. म्हणजे फायदा आहे, पण नुसते ऐकून तो फारसा पदरात पडत नाही.

मग तो पडतो कसा? त्यासाठी लांब जायला नको. आमच्या भाटघरहून भोरमार्गे वरंध घाट उतरले की महाड लागते. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसे दगावत. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास जात. पुस्तकात नेमका इलाज नव्हता. या डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून लक्षणांची नोंद ठेवली आणि ती १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एम.डी. करून ते पुन्हा महाडलाच आले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरले. मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले.

खरी गोष्ट तर पुढे आहे. नाव झाले, तरी ते थांबले नाहीत. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी आपल्याच इलाजाची परीक्षा घेतली. ७० रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त प्राझोसिन दिले आणि निम्म्यांना त्यासोबत विंचवाच्या विषावरचे प्रतिविष. दहा तासांत दुसऱ्या गटातले ३२ जण बरे झाले, पहिल्या गटातले फक्त ८. आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इलाजाला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ मध्ये स्वतःच जगाला सांगितले.

शिकणे रुग्णापासून सुरू झाले, रुग्णापर्यंत परत गेले आणि काय झाले ते मोजले गेले. प्रशिक्षणाची कसोटी हीच असायला हवी. सर्टिफिकेट मिळाले का, एवढेच विचारून भागणार नाही.

यात आपलाही वाटा आहे. औषध लागू पडले की आपण दवाखान्याकडे फिरकत नाही, आणि नाही पडले तर गुपचूप दुसरा डॉक्टर गाठतो. मग पहिल्या डॉक्टरांना कळणार कसे? जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा. अम्मी-अब्बांची बीपीची किंवा शुगरची गोळी वर्षानुवर्षे तीच चालू असेल तर, "डॉक्टरसाहेब, हीच ठेवायची की आता बदलायला हवी?" असे अदबीने विचारा. कशाने गुण आला आणि कशाने त्रास झाला, ते परत जाऊन सांगा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

आणि विंचू चावलाच, तर किती वाजता चावला ते ध्यानात ठेवा आणि रुग्णाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. दुआ जरूर करा, पण ती गाडीत बसून करा. घाम आणि उलट्या सुरू झाल्या असतील तर एकेक मिनिट मोलाचे असते.