दोन रंगांचा मफलर

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की लोकरीचे गुंडे आणि सुया बाहेर निघतात. यंदा मुलासाठी काय विणावं, असा प्रश्न पडला असेल, तर आडव्या पट्ट्यांचा दोन रंगी मफलर विणा. आणि विणता विणता त्याची गोष्टही ऐका. ती आहे इंग्लंडातल्या फुटबॉलच्या मैदानांवरची.

तिथे शनिवारी दुपारी तीनला सामने सुरू व्हायचे. गोलाच्या मागे खुर्च्या नसत. नदीच्या घाटाला असतात तशा नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या. त्यांना म्हणत ‘टेरेस’. आपली गच्ची नव्हे बरं का! हजारो माणसं तिथे खांद्याला खांदा लावून उभी राहायची. लिव्हरपूलच्या मैदानावरच्या अशा पायऱ्यांचं नाव ‘कॉप’. दक्षिण आफ्रिकेत स्पिऑन कॉप नावाच्या टेकडीवर १९०० च्या जानेवारीत लढाई झाली. लँकेशायरचे पुष्कळ सैनिक तिथे पडले, त्यांच्या आठवणीसाठी १९०६ मध्ये हे नाव दिलं. त्याच लढाईत आपले गांधीजी जखमींना उचलून नेणाऱ्या पथकात होते!

१९५० च्या सुमाराला या पायऱ्यांवरचा पुरुष कसा दिसे? कोट, टाय, डोक्यावर चपटी टोपी. कोटाला संघाच्या रंगाचं रिबिनीचं फूल. हातात गरगर फिरवलं की कर्रकर्र वाजणारं लाकडी खुळखुळं. महायुद्धात विषारी वायूचा इशारा द्यायला तसलीच खुळखुळी ठेवलेली होती. आणि गळ्यात मफलर. तो बहुधा घरचाच, आईने नाहीतर आजीने विणलेला. मोठ्यांनी संघाची जर्सी घालून जाण्याची पद्धत तेव्हा नव्हतीच. तो धंदा फोफावला १९७० नंतर.

मग पोरांचे अवतार बदलू लागले. १९६० च्या दशकाच्या शेवटी डोक्याचा चकोट, पट्ट्याची विजार आणि पायात जाडजूड बूट. मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून पोलीस दारातच बुटांच्या नाड्या काढून घेत. पुढे मफलर गळ्यातून मनगटावर आला. १९७७ मध्ये लिव्हरपूलने रोममध्ये युरोपचा चषक जिंकला. त्या सुमारास संघामागे परदेशी जाणारी पोरं तिथले खेळाचे बूट आणि भारी टी-शर्ट घेऊन येऊ लागली. संघाचा रंग अंगावर नको, म्हणजे पोलिसांच्या डोळ्यांत भरत नाही, हीही एक युक्ती!

काही पोरं खरोखरच गुंड होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यामुळे पायऱ्यांवरचा प्रत्येकजणच गुंड ठरला. मैदानाभोवती लोखंडी जाळ्या बसल्या, माणसं पिंजऱ्यात कोंडल्यासारखी उभी राहू लागली.

१५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर त्याचं फळ भोगावं लागलं. आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत आणखी गर्दी सोडली गेली आणि पुढची माणसं जाळीवर चिरडली. त्या दुर्घटनेने ९७ जीव घेतले; शेवटचा बळी तर २०२१ मध्ये गेला. आणि दोष कुणाला दिला? मेलेल्यांनाच! प्यालेले होते, दंगेखोर होते, असं पोलिसांनी सांगितलं आणि वर्तमानपत्रांत छापून आलं.

ॲन विल्यम्स नावाच्या आईचा पंधरा वर्षांचा केविन त्यात गेला. ती गप्प बसली नाही. इतर आईबापांबरोबर वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. २०१३ मध्ये ती वारली. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला: प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता, हे मृत्यू बेकायदा होते.

दुर्घटनेनंतर आठवड्याने लिव्हरपूल आणि त्याचा गावातलाच प्रतिस्पर्धी एव्हर्टन, यांच्या दोन मैदानांमध्ये लोकांनी मफलरला मफलर बांधून सुमारे मैलभर लांब माळ केली. लाल आणि निळे, एकमेकांना गाठ मारलेले. एरवी एकमेकांना चिडवणारी माणसं ती!

पुढे वरच्या दर्जाच्या मैदानांवर खुर्च्या आल्या. कॉपवर उभं राहून पाहिलेला शेवटचा सामना ३० एप्रिल १९९४ चा. आता २०२२ पासून काही मैदानांवर, मध्ये मजबूत कठडे लावून, उभं राहण्याची परवानगी पुन्हा मिळाली आहे.

आपल्या कोल्हापुरातही शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरले की पेठाच्या पेठा लोटतात. तुमचा मुलगा जात असेल तर अडवू नका. कुठल्या दाराने जाणार, कुठे बसणार, चुकामूक झाली तर कुठे भेटणार, एवढं मात्र ठरवून घ्या. आणि शेजारणीच्या पोराचे केस नि बूट पाहून ‘वाया गेलाय’ म्हणायची घाई करू नका.

आता मफलर. सुईवर ४० टाके घ्या, सगळ्या ओळी सुलटच विणा, म्हणजे कडा वळत नाहीत. दर २० ओळींनी रंग बदला. लाल लोकर असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. रंग जात असेल तर पांढऱ्याशी तिची जोडी जमवू नका. रंग मात्र मुलाला निवडू द्या, बरं का!