आबांचा डबा आणि सत्तर मार्कांची परीक्षा

मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं ऱ्हस्व-दीर्घ एम-थ्रीपेक्षाही कच्चं आहे, तेव्हा सांभाळून घ्या. पण हा विषय मला इंग्रजीत जमला नसता, कारण तो घोटावड्याच्या आमच्या घरातल्या एका पत्र्याच्या डब्याचा आहे.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, एसटीत कंडक्टर होते. १९६४ ला लागले, २००० ला रिटायर झाले. रात्री हिशेब देताना बॅगेत एखादं वेगळं नाणं दिसलं की तेवढे पैसे खिशातून भरायचे आणि नाणं घरी आणायचे. नेहरूंचा १९६४ चा रुपया, गांधी शताब्दीचे १९६९ चे पन्नास पैसे, कमळवाले पिवळे वीस पैसे (त्यात सोनं असतं असं सगळे म्हणायचे. नसतं!), १९८२ च्या एशियाडचे दोन रुपये... ज्या एशियाडवरून आपल्या निमआराम गाडीला नाव पडलं, तेच. असं करत दोनशेच्या वर नाणी जमली.

गेल्या वर्षी आबा गेले. तेराव्यानंतर आजीनं डबा माझ्या हातात दिला. "तूच बसायचीस त्यांच्याजवळ, तूच ठेव." इथवर ठीक होतं. मग चुलत भावाने मोबाईलवर कुठलंसं रील दाखवलं. वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला म्हणे लाखो रुपये! (रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचं नाव वापरून लोकांना फसवलं जातंय. पण रील बघणारा असलं कशाला वाचतोय?) काका मात्र शांतपणे म्हणाले, "सगळी ग्रेडिंगला पाठवू. अमेरिकेतले लोक नंबर देतील, मग वाटणीला वाद नको."

यावर हसू नका. मुळशीत राहणाऱ्याला कळेल काका असं का म्हणाले ते. आमची जमीन गेली तेव्हा पप्पा आणि काका वर्षभर बोलत नव्हते. तिऱ्हाइताने किंमत ठरवावी हे त्यांचं म्हणणं मला समजतं. तरीही मी नाही म्हटलं, आणि का ते सांगते.

ग्रेडिंग म्हणजे काय? एनजीसी, पीसीजीएस अशा अमेरिकन कंपन्या नाणं खरं आहे का ते तपासतात, त्याची झीज, ओरखडे, चमक बघतात आणि १ ते ७० मध्ये मार्क देऊन प्लॅस्टिकच्या पेटीत सील करतात. साठच्या वरचे मार्क न वापरलेल्या नाण्याला. म्हणजे जे नाणं कधी कुणाच्या हातात गेलं नाही ते हुशार! आबांची नाणी तर भाजीवाल्या बायका, शाळेची पोरं, पौडच्या बाजारची माणसं अशा हजार हातांतून बॅगेत आली होती. ती परीक्षा ती काय पास होणार?

शिवाय खर्च बघा. फी, व्यापाऱ्याचं कमिशन, जाण्यायेण्याचं टपाल, विमा धरून एका नाण्याचा आकडा हजारांत जातो. आणि नेहरूंचा वापरलेला रुपया मी पुण्यात एका व्यापाऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "शंभर देतो." ही नाणी टांकसाळीत लाखो-कोटींनी निघालेली. दुर्मिळ असतो तो फक्त त्यांचा वरचा ग्रेड. त्यातही गंमत अशी, की 'या ग्रेडची तीनच नाणी' असं कंपनीच्या यादीत दिसलं तर त्याचा अर्थ तीनच पाठवली गेली एवढाच. उरलेली कुणाच्या देव्हाऱ्यात पडलीत कुणास ठाऊक!

आता जे सांगायचं टाळत होते ते. आठवीत असताना लक्ष्मीपूजनाला मी डब्यातली बहुतेक नाणी चिंच आणि राखेने घासली होती. तांब्या-पितळेची भांडी घासतात तशी. आबा बाहेरून आले, बघितलं आणि म्हणाले, "लखलखीत केलीस की!" मला वाटलं शाबासकी आहे. असं घासलेलं नाणं कंपनी लगेच ओळखते आणि त्याला नंबरच देत नाही, 'साफ केलेलं' असा शेरा मारते. छत्तीस वर्षं नाणी वेचणाऱ्या माणसाला घासू नये हे ठाऊक नसेल? मी घरात हे सांगितलं तेव्हा काका काहीच बोलले नाहीत. पप्पाही नाहीत.

डब्यात पणजोबांचे पंचम जॉर्जचे दोन रुपयेही आहेत. ते तर पाठवताच येणार नाहीत, कारण १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

एकाच नाण्यावर मी अडले. गांधी शताब्दीचे चांदीचे दहा रुपये, १९६९ चे. वेगळ्या कागदात होते म्हणून माझ्या चिंचेतून वाचले. लॅबच्या काट्यावर पंधरा ग्रॅम भरले, बरोबर. त्यात ऐंशी टक्के चांदी. पाठवायचंच तर हे एक, पण तेही आधी भिंगाखाली नीट बघणाऱ्या जाणत्या संग्राहकाला दाखवून. तुमच्याही घरी असा डबा असेल, टांकसाळीचा सीलबंद सेट असेल किंवा महागड्या नाण्याच्या खरेपणाची शंका असेल, तर ग्रेडिंगला माझा विरोध नाही. सरसकट डबा उचलून पाठवायला आहे.

वाटणीचं म्हणाल तर आजीने ते परस्पर उरकलं. एक दिवस तिने चटईवर डबा ओतला आणि काकांना विचारलं, "यातलं तुला कुठलं आठवतंय?" काकांनी एशियाडचे दोन रुपये उचलले. पप्पांनी नेहरूंचा रुपया. मी त्याला लोहचुंबक लावून दाखवलं. शुद्ध निकेल, टचकन चिकटतो! १९७५ नंतरचा तांबं-निकेलचा रुपया चिकटत नाही. दोघं भाऊ अर्धा तास एकेक नाणं लावून बघत बसले.

रविवारी पुन्हा घोटावड्याला जातेय. सोबत कागदी पाकिटं नेणार आहे. पीव्हीसीच्या पिशव्यांनी नाण्यांवर हिरवा चिकटा धरतो. आजी सांगेल ते प्रत्येक पाकिटावर लिहायचंय, आणि मराठीतच, म्हणून मैत्रिणीकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतेय.