धार चालू, कूस बंद

वर्सोव्याच्या चहात तबेल्याचे दूध पडत असेल, तर ते जोगेश्वरी-गोरेगावकडच्या एखाद्या म्हशीचे असण्याचा संभव मोठा. ती म्हैस मूळची इथली नसते. हरियाणा-गुजरातेतून ताजी व्यालेली आणायची, आटेपर्यंत पिळायची, मग विकून टाकायची, हा मुंबईचा जुना धंदा. भाकड म्हैस पोसायला शहरात जागा कुठली? तबेले वस्तीतून बाहेर काढण्यासाठी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. म्हशी हलल्या, हिशेब फारसा हलला नाही.

अशा हिशेबात गर्भाशयाकडे पाहणार कोण?

व्याल्यावर म्हशीची वार साधारण १२ तासांत पडते. दिवस उलटूनही लोंबत राहिली तर ती अडकली. मग कुणी हात घालून ओढतो, कुणी तिला वीट नाहीतर चप्पल बांधतो. असल्या उपचारापेक्षा काही न केलेले बरे! ओढाताणीत आतले अस्तर फाटते, तुकडे आत राहतात आणि जंतूंना रान मोकळे मिळते. पहिल्या दहा दिवसांत ताप येतो, तांबूस, पातळ, घाण वासाचा स्राव होतो, दूध उतरते. दूध उतरले की डॉक्टरला फोन जातोच.

खरा घात पुढे होतो. तीन आठवड्यांनंतर ताप नसतो, वैरण संपते, धारही चालू असते. माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ असायला हवा. त्यात पुवाचे पांढरे धागे दिसतात. म्हैस बसून उठली की शेपटीखालची फरशी पाहावी, तिथे ते सापडतात. पण सगळ्यांचे डोळे बादलीकडे. भरवली, उलटली, पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. सुजलेल्या अस्तरात गर्भ रुजत नाही, आणि बोल लागतो रेतन करणाऱ्याला. दर उलटण्यामागे २१ दिवसांची वैरण मालकाच्याच खिशातून जाते.

शेवटच्या तिमाहीत गाभडून वार अडकली, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. तो माणसालाही होतो; उघड्या हाताने वार काढणारा गडी त्याचा पहिला बळी. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-वगारींना त्याची लस देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१९ पासून आहे. पण आणलेल्या म्हशीला ती लहानपणी मिळाली होती का, हे तबेल्यात कोण विचारतो?

तपासणाऱ्यांसाठी लांब जायला नको; परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून याच शहरात आहे. व्याल्यानंतर महिनाभराने प्रत्येक म्हशीचे गर्भाशय तपासायचे, एवढा एक नियम तबेलेवाल्यांच्या संघटनांनी घालून घेतला, तरी बऱ्याच म्हशी दुसऱ्या वेतापर्यंत दावणीला राहतील.